अकरा

कचेरीत तिला सगळे खारूताई म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. बाकीचे शास्त्रज्ञ जंगलात खाली बघत चालायचे, ही दोराला लटकून चाळीस मीटर वर. तिथल्या शेंड्यांच्या छतात जमिनीला कधीच न टेकणारी रोपं वाढतात, फांद्यांच्या बेचक्यांत साचलेल्या मातीत गांडुळं नांदतात, हे तिनं सत्तावीस वर्षं मोजून मांडलं. त्यापायी एक गुडघा गेला आणि नवराही. घर सोडून जाताना तो एवढंच म्हणाला, "तू खाली उतरलीस की कळव."

मग त्या जंगलातून रस्ता काढायचं ठरलं. समितीपुढे तिनं आपली यादी ठेवली. चारशे बारा जाती.

अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "बाई, यातल्या फक्त इथंच सापडणाऱ्या किती?"

शेजारच्या जुन्या सहकाऱ्यानं टेबलाखालून तिचा पाय दाबला. ती समजली. पण जे मोजलं तेच सांगायचं, ही तिची जन्माची खोड.

"माझ्या माहितीत अकरा."

अध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. "मग अकरा वाचवू की!"

त्या अकरा जातींची रोपं वरून काढून शहरातल्या काचघरात कुंड्यांत लावली. "अहो, ही वाऱ्यावर जगतात, कुंडीत कुजतील," ती घसा कोरडा करून सांगत राहिली. तिनं तसं लेखी दिलं, ते पत्र फायलीला लागलं. आठ महिन्यांत नऊ जाती गेल्या. जंगलातली झाडं तर पहिल्या पंधरवड्यातच आडवी झाली होती. आणि रस्त्याच्या अहवालात 'मार्गदर्शन' म्हणून तिचंच नाव छापलं गेलं.

धाकटी बहीण फणकारली, "ताई, दोनशे म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? वर चढून कोण बघणार होतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर खरं सांगावं लागतं."

"मग बस आता त्या खऱ्याला कुरवाळत."

दोन वर्षांनी पलीकडच्या खोऱ्यातून दुसरा रस्ता निघाला. मोजणीसाठी तोच सहकारी तिला बोलवायला आला. "तुझ्याशिवाय कोण करणार?"

"मी मोजून दिलं की तुम्ही तोडता," असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

मोजणी झालीच. एका कंपनीनं जमिनीवरूनच दुर्बिणी लावल्या. साठ जाती निघाल्या. फक्त तिथंच सापडणारी एकही नाही. तिनं तो अहवाल दोनदा वाचला, बहिणीला फोन लावला आणि पलीकडून उचलायच्या आत ठेवून दिला.