पिणाऱ्याला न सांगता

माझा दादा लोह्याला वायरमन आहे. आसपासच्या गावांत लाइट गेली की लोक आधी त्याला फोन लावतात, मग कंपनीला. आणि याच माणसाचा विषय निघाला की तीच लोकं आवाज खाली आणतात आणि मुठीचा अंगठा तोंडाकडे नेतात. त्या अंगठ्याचा मला संताप येतो. आधीही यायचा, अजून येतो.

दादा प्यायला कधी लागला हे मला नीट सांगता येणार नाही. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात शिकवते, माहेरी जाणं महिन्या-दीड महिन्यातून व्हायचं. आधी वादळात तारा तुटल्या, काम लांबलं की टोळीतले सगळे मिळून घ्यायचे. मग काम नसतानाही. मग सकाळी उठल्या उठल्या, हात कापतात म्हणून. वहिनी फोनवर रडायची. आई म्हणायची, "पोरगं वाईट न्हाई गं, संगत वाईट हाय."

विहारात तो वंदनेला बसायचा. पंचशील सगळ्यांबरोबर म्हणायचा, पण पाचवं, मद्याचं शील आलं की त्याचे ओठ मिटायचे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मोडू नये म्हणून तो पाचव्याला गप्प राहत असावा, असं मला वाटायचं. एका पौर्णिमेला कमिटीतल्या एकानं सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "काय, आज पण चारच का?" लोक हसले. त्यानंतर दादा विहारात गेला नाही. हसणाऱ्यांपैकी कितीजण घरी जाऊन काय पितात हे मला माहीत होतं. लपवून प्यायला जमतं, एवढाच त्यांच्यात आणि दादात फरक.

मग तो शिडीवरून पडला. खांद्याजवळचं हाड मोडलं. नांदेडला हाडाच्या डॉक्टरांनी पट्टी टाकली. एक्स-रे उजेडाला धरून त्यांनी मला सगळं समजावलं, हाड कुठं मोडलं, कसं जुळेल, हात किती हलवायचा. आणि उठता उठता म्हणाले, "पिणं बंद करायला सांगा यांना."

"कसं बंद करायचं, सर?"

"मनावर घ्यायचं."

मोडलेल्या हाडाला कुणी मनावर घे म्हणत नाही. त्याला पट्टी, स्क्रू, गोळ्या, पुन्हा तपासणी. ज्या आजारानं हाड मोडलं, त्याच्यासाठी एक वाक्य. पुढं मी ते वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलं की कुणी "मनावर" एवढं म्हटलं तरी माझं डोकं तापायला लागलं.

औषध कुठं मिळतं हे आम्हाला कुणी सांगत नव्हतं. सांगत होत्या फक्त भिंती. एसटी स्टँडच्या बाहेर, ऑटोच्या पाठीवर, मुतारीच्या दारावर एकच जाहिरात: दारू सोडवा, खात्रीशीर, पिणाऱ्याला न सांगता. वहिनीचा भाऊ अहमदपूरला असतो. तिथून त्यानं पुड्या आणल्या. "वरणात टाक," तो वहिनीला म्हणाला, "त्याला कळू बी देऊ नको." वहिनी बिचारी थकलेली. तिनं टाकली.

दादा भर दुपारी पिऊन घरी आला आणि जेवला. थोड्या वेळानं त्याचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, उलट्या सुरू झाल्या आणि तो ओट्यावर कोसळला. शेजारी म्हणाले, विषारी प्याला. गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. तो मरतोय असं वाटल्यावर वहिनीनं घाबरून सगळं सांगून टाकलं. दादा शुद्धीवर आल्यावर तिला एवढंच म्हणाला, "तुझ्या हातचं वरण होतं गं ते."

त्यानंतर तो ताट समोर आलं की आधी तिच्याकडे सरकवायचा. "आदी तू खा." ती खायची आणि रडायची. भिंतीवरच्या त्या एका ओळीनं माझ्या भावाच्या घरातलं जेवण नासवलं.

यानंतर आमचे काका पुढं झाले. काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, घरातलं मोठं माणूस, त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. त्यांनी आणि वहिनीच्या भावानं मिळून एक केंद्र शोधलं. एका सकाळी दादा टपरीवर चहा पीत होता. एक गाडी आली, चार धटिंगण उतरले आणि सगळ्या बाजारादेखत त्याला उचलून आत घातला. खांद्याचं हाड नुकतंच जुळलेलं. त्याच हाताला धरून ओढला, हे मला टपरीवाल्यानं नंतर सांगितलं.

मला काकांचा फोन आला. आवाजात समाधान. "झालं काम."

"कसलं काम?"

"पोचवला सेंटरला. आता सहा महिन्यांनी माणूस होऊनच येईल."

"त्याला विचारलं होतं का, काका?"

"येड्यासारखं बोलून राहिली तू. विचारून कोन येतं?"

मी केंद्राला फोन करत राहिले. "पेशंट मजेत आहे," इतकंच उत्तर. बोलायला देत नव्हते. वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, पहिला महिना भेट बंद असते म्हणे. दोन-तीन दिवस असे गेले. मग मी रजा टाकली आणि निघाले.

अहमदपूरच्या पुढं लातूर रस्त्यापासून आत, सोयाबीनच्या रानात एक पत्र्याचं लांब शेड होतं. भोवती तारेचं कुंपण. बाहेर रंगीत पाटी, त्यावर उगवता सूर्य. फाटकाशी बुरख्यातल्या एक बाई बसल्या होत्या, तोंडावरची जाळी वर टाकलेली, शेजारी डबा. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हटलं. त्या नांदेडच्याच निघाल्या, शिलाईकाम करणाऱ्या. त्यांचा मुलगा आत होता, गोळ्या आणि खोकल्याच्या औषधाच्या नादाला लागलेला.

"किती दिवस झाले आत जाऊन?" मी विचारलं.

"लई दिवस झाले, बेटा. येते आन् बसते. डबा बी आत जाऊ देत न्हाईत." मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी उभीच राहिले. "आधी लातूरला सरकारी दवाखान्यात होता तो. चांगलं चाललं होतं. डॉक्टरनी बसून बोलायची त्याच्याशी. पर त्याच्या अब्बाला शरम वाटली. लोक म्हणतील, पोरगं पागलखान्यात टाकलं. म्हणून इथं आणला. इथं कोन बघतंय?"

सरकारी दवाखान्यात यावर इलाज होतो, वॉर्ड असतो, हे मला, एका शिकलेल्या बाईला, त्या फाटकाशी पहिल्यांदा कळलं. हाडाच्या डॉक्टरांना माहीत नसेल? काकांनी उभी हयात सरकारी कचेरीत काढली, त्यांना माहीत नसेल?

मॅनेजर बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गॉगल. "ताई, इथं लाड नसतात. मी स्वतः पीत होतो. मला असंच सुधारलं."

"मला भाऊ दाखवा."

"ज्यांनी सही केली त्यांना विचारा."

मी काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. काका म्हणाले, "तू कशाला गेलीस तिथं? पहिल्यांदा सगळेच नाटकं करतात. राहू दे." मॅनेजर हसला. मी फोन बंद केला आणि ओरडायला लागले. मी वर्गातसुद्धा आवाज चढवत नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून काय काय निघालं ते मला आठवत नाही, पण खाला उठून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि फाटक दोन्ही हातांनी हलवायला लागल्या हे आठवतं. रस्त्यावरची माणसं थांबली. शेतात खुरपणाऱ्या बायका बांधावर आल्या. कुणीतरी मोबाइल वर धरला, तसा मॅनेजरचा चेहरा बदलला. "घेऊन जा तुमचा भाऊ. मग मेला तर आमची जबाबदारी नाही."

दोघांनी दादाला धरून आणला. मनगटांवर दोरीचे वळ. ओठ फाटलेला, जीभ चावलेली. अंग घामानं भिजलेलं, आणि त्यानं मला ओळखलं नाही. त्याचे हात हवेत काहीतरी पिळत होते, ओढत होते, जोडत होते. मला आधी कळेना. मग तो वर बघून ओरडला, "लाइन चालू करू नका रे, मी वर हाय! मी वर हाय!"

"बघा," मॅनेजर म्हणाला, "नाटक."

मी त्या माणसाच्या थोबाडीत मारली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

दादाला उचलायला खालांनी पाय धरले, मी खांदे धरले, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका काळ्या-पिवळ्या जीपला थांबवलं. जीपमधल्या लोकांनी काही न विचारता जागा करून दिली. मी खालांना म्हटलं, "तुम्हीही चला, तुमच्या मुलासाठी काहीतरी करू." त्यांनी मान हलवली. "मी गेले तर त्याला वाटंल, अम्मी बी गेली." त्या परत फाटकाशी जाऊन बसल्या.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात दादाला बघताच तिथल्या डॉक्टर माझ्यावरच चिडल्या. तरुण होत्या, केस कसेबसे बांधलेले. "कुणी बंद केली यांची दारू अशी एकदम?" रोज पिणाऱ्याची दारू एका झटक्यात तोडली तर फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो, औषधांच्या आधारानं ती उतरवावी लागते, हे त्यांनी इंजेक्शन भरता भरता सांगितलं. पुढं एकदा मी पुड्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "तसली गोळी असते. पण माणसाला सांगून, तपासून, त्याच्या मर्जीनं द्यायची. लपवून दिली तर घात होतो."

दादा भ्रमात असताना मी त्या वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून असायची. आजूबाजूला दुसऱ्यांचे नातेवाईक. एकीनं गावात सांगितलं होतं, नवऱ्याला कावीळ झालीय. एक शिक्षक स्वतः दाखल झालेले, त्यांच्या शाळेत सांगितलं होतं की ते बहिणीकडे गेलेत. नांदेडहून लातूरला येताना रस्त्याला दारूच्या दुकानाची पाटी नाही असं गाव दिसत नाही. त्या पाट्या लांबून वाचता येतात. आणि या दाराची छोटी पाटी शोधायला मी तीन माणसांना विचारलं, तर एकानं विचारलं, "येड्याच्या डॉक्टरकडं का?" निवडणुकीत घराघरात बाटली पोचवता येते. हा पत्ता मात्र कुणाला पोचवता येत नाही.

काही दिवसांनी दादा शुद्धीवर आला. आईचं नाव घेतलं, पाणी मागितलं. डॉक्टर त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"तुम्हाला काय वाटतं? सोडायची आहे का दारू?"

दादा आधी माझ्याकडे बघायला लागला. यात काही डाव आहे का, असं ते बघणं होतं. मी म्हटलं, "दादा, तुलाच विचारून राहिल्या त्या."

तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "सोडायचीच हाय, मॅडम. कवापासून सोडायची हाय. पन कशी सोडायची ते कुनी सांगत न्हाई. नुसतं सोड म्हनत्यात."

मी बाहेर गेले आणि भिंतीला डोकं टेकून रडले. रडण्यापेक्षा राग जास्त होता. इतक्या वर्षांत त्याला सगळ्यांनी सल्ले दिले, शिव्या दिल्या, शपथा घातल्या, पुडी दिली, दोरी बांधली. विचारलं कुणी नव्हतं.

त्या शेडाविरुद्ध मी तक्रार केली. खूप चकरा मारल्यावर तिथली पाटी निघाली. मी मुद्दाम बघायला गेले. शेडात कुणीतरी जनावरं बांधली होती. बांधावरचा माणूस म्हणाला, "देगलूरकडं गेले म्हनं, दुसरं नाव लावून." खालांचा पत्ता मी घेतला नव्हता. नांदेडच्या गल्ल्यांत शिलाईची मशीन दिसली की मी आत डोकावते. त्यांच्या मुलाचं काय झालं, मला माहीत नाही.

दादा लातूरला तपासणीला जायला लागला. वहिनी बरोबर जायची. मध्ये एकदा तो पुन्हा प्याला. तेव्हा त्यानं स्वतः मला फोन केला, "घसरलो बघ," आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच एसटीत बसला. डॉक्टर त्याला रागावल्या नाहीत. बीपीचा पेशंट पुन्हा आला तर कुणी त्याला रागावतं का, असं त्यांचं म्हणणं. आता बरेच दिवस झाले, तो पीत नाही. कंपनीनं त्याला खांबावरून खाली घेतलंय, ऑफिसात बसून तक्रारी घेतो. वहिनीच्या पुढं ताट सरकवणंही थांबलंय. पण जेवताना तो अजून गप्प असतो आणि तीही.

गेल्या वर्षी आमच्याकडं एका बाळाचं नामकरण होतं. मांडवात काका पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या पुतण्याचं बघा. सेंटरला टाकला, सरळ झाला. तुमच्या पोराला बी टाका, मी बोलतो त्यांच्याशी." समोरचा माणूस खिशातून मोबाइल काढायला लागला.

मी उठलेच होते. पण दादा माझ्या आधी पोचला. हातात बुंदीचं पातेलं होतं, ते त्यानं खाली ठेवलं.

"काका, त्या शेडात मला बांधून मारलं. लातूरला नीट झालो. त्याला लातूरचं सांगा."

काकांचा चेहरा उतरला. "मोठ्यांशी असं बोलतेत का? आम्ही तुझ्या भल्यासाठीच केलं."

"व्हय," दादा म्हणाला, "पन मला इचारलं न्हाई."

काका न जेवता निघून गेले. आई मला म्हणाली, जाऊन त्यांना थांबव. मी गेले नाही. दादा त्या माणसाशेजारी बसला आणि लातूरला कुठल्या वारी जायचं, कुठल्या दारातून आत शिरायचं, ते मोठ्यानं सांगत राहिला. दोन-तीन बायका वाढायचं थांबवून ऐकत होत्या.