शोकेसमधली करवतकाठी

नागपुरात एप्रिल महिन्यात एखाद्याचा टेबलफॅन बंद पाडणे हा गुन्हा धरला जात नाही, हे मला नुकतंच कळलं. सदरमधल्या माझ्याच साड्यांच्या दुकानात, माझ्याच गल्ल्यामागे, माझ्या फॅनचा प्लग उपटून तिथे एका काळ्या डबीचा प्लग खोचण्यात आला. रीतसर निषेध नोंदवला, तर उत्तर मिळालं... "बाबा, तो कॉम्प्युटर आहे. फॅनपेक्षा महत्त्वाचा."

उत्तर देणारी आमची कन्या मुक्ता. पुण्यात जाहिरातींचं काम करते. सुटीवर आली होती आणि सुटीत बापाला सुधारायचं, असं ठरवूनच आली होती.

त्या डबीच्या जोरावर शोकेसमध्ये माणसाच्या उंचीचा स्क्रीन उभा राहिला. साड्या नेसून वर्षानुवर्षं उभे असलेले दोन पुतळे माळ्यावर गेले. स्क्रीनवर एकामागून एक साड्या सरकू लागल्या आणि रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. मी घामाघूम, पण खूश.

एकच गोष्ट राहिली होती... देवरामकाकांना सांगायची.

देवराम पराते मूळचे उमरेडचे विणकर. घरचे माग बंद पडले तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना दुकानात आणलं, आणि तेव्हापासून शोकेस त्यांची. आता सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरतात. बाकीची कामं सुटली, पण दर शनिवारी बसने येऊन पुतळ्यांना नव्या साड्या नेसवणं सुटलं नाही. त्या एका दिवसासाठी इस्त्रीचा शर्ट आठवडाभर खुंटीला जपून ठेवतात, असं काकू सांगतात.

ते काम आता राहिलं नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी पाच दिवस फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. गल्ल्यावर बसून सरकारला चार शब्द सुनावणं किती सोपं असतं, ते त्या आठवड्यात नीट समजलं.

शनिवार उजाडला. अकराच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून काका काचेबाहेर उभे. मी गठ्ठ्यांमागे वाकून एका साडीची घडी घालत होतो... त्याच साडीची, चौथ्यांदा.

काका आत आले. माठातलं पाणी प्यायले. आता विचारतील, पुतळे कुठे गेले. पण विचारलं भलतंच.

"भाऊ, करवतीचे दात कुठी गेले गा?"

मी बाहेर जाऊन पाहिलं. करवतकाठी साडीच्या काठाला करवतीसारखे दाते असतात. मागावर आडव्या धाग्याचे तीन धोटे चालवून एकेक दाता बसवावा लागतो, आणि त्यावरूनच साडीला नाव. स्क्रीनवर काठ होता... सरळ, गुळगुळीत, पट्टीने आखल्यासारखा!

मुक्ताने कबुली दिली. बारीक दाते स्क्रीनवर मुंग्यांसारखे वळवळत होते, म्हणून तिने काठ 'स्मूथ' करून टाकला होता. आणि ती बोडकी करवतकाठी आम्ही बापलेक पाच दिवस कौतुकाने बघत होतो. वर पाटी काय, तर करवतकाठीचे खात्रीचे दुकान.

"असा काठ त मशीनवर निघते वं पोरी," काका म्हणाले. "मंग माणसानं तीन धोटे काहून चालवाव?"

"पण काका, ते हलतात ना! डोळे दुखतात."

"तू दुरून फोटो काढून राहिली म्हणून. अख्खी साडी काय कराची? काठ जवळून घे. बाई आधी काठच पाह्यते. आवडला, त मंग आत येते."

मुक्ता नवे फोटो काढायला उठली. हे वाक्य सुचायला पुण्यात दोन तासांची मीटिंग घेतात म्हणे.

पुतळे माळ्यावरून खाली आले. काका टाचण्या ओठांत धरून निऱ्या बसवू लागले... आणि मी एकदम कॉलेजात जाऊन पोचलो.

तेव्हा एका दसऱ्याला काकांनी शोकेसमध्ये साड्यांचा मोर केला होता. नुसत्या घड्या, टाचण्या आणि सुतळी. फुटपाथला सायकली टेकवून लोक बघत उभे राहायचे. व्यापाऱ्यांच्या सजावट स्पर्धेत पहिला नंबर आला आणि "मांडणी कोणाची?" असं विचारताच मी पुढे झालो. माझं योगदान टाचण्यांचा डबा धरण्याचं.

वडील गप्प राहिले. काकाही. माझ्या नावाचं ते प्रमाणपत्र अजून गल्ल्यामागे लटकलेलं आहे, आणि दर शनिवारी त्यावरची धूळ पुसतात... काकाच.

संध्याकाळपर्यंत नवे फोटो स्क्रीनवर चढले. एकेक दाता बोटाएवढा, मुंग्या गायब. दर शनिवारी काकांनी नेसवायचं, मी फोटो काढायचे आणि मुक्ताने पुण्यात बसून ते स्क्रीनवर टाकायचे, असं ठरलं. माझी नेमणूक अर्थातच मला न विचारता झाली.

"म्हणजे... शनिवारी येऊ ना गा मी?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली.

काका चपला घालेपर्यंत मी मुक्ताच्या शेजारी बसलो. शेवटच्या फोटोनंतर एक कोरी पाटी जोडायला लावली आणि त्यावर स्वतः, एका बोटाने टाइप केलं... 'मांडणी : देवराम पराते, उमरेड'.

काका बाहेर पडले आणि काचेपुढे थांबले. नाव आलं, गेलं. साड्या सरकत राहिल्या. काका जागचे हलले नाहीत. नाव पुन्हा आलं. मग दुपट्टा सारखा करून ते बसकडे निघाले, आत न डोकावता.

मीही बाहेर गेलो नाही. कॉलेजातल्या त्या शहाण्याच्या वतीने मला तेवढंच जमलं... तेही तीस वर्षं उशिरा.