देवनहळ्ळीच्या बसचे हब

आमच्या ह्यांची बस जुन्या घडणीची. तिची चाकं बोल्टांवर टांगल्यासारखी असायची आणि निमुळते नट त्यांना जागेवर धरून ठेवायचे. एखादा नट सैल पडला की चाक डुगडुगायचं, भोकं झिजायची, मग बाकीचे नटही सैल व्हायचे. त्याच बसनं आम्ही निम्म्या बंगळुरूची वऱ्हाडं नेली, सहली केल्या. प्रवाशांचा स्वयंपाक माझ्याकडे आणि बसायला क्लीनरची सीट, दाराशेजारची. पुऱ्यांचं पीठ मांडीवर घेऊन मी कित्येक घाट पार केले असतील.

एकदा आनेकलजवळ बस डावीकडे ओढायला लागली. हे खाली उतरले. मागच्या चाकाचे नट गळून पडले होते आणि चाक कसंबसं अडकून राहिलं होतं. कुणाला काही झालं नाही, पण बनशंकरीला घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

"हबच बदलायचे," एवढंच म्हणाले.

नंतर निघालेल्या बसमध्ये चाक हबच्या, म्हणजे चाकामागच्या मधल्या तुंब्याच्या, कडेवर घट्ट बसतं. मधोमध राखायचं काम ती कडाच करते, नटांनी फक्त दाबून धरायचं. आमच्या बसला चालतील असे हब त्याच कंपनीच्या थोड्या नव्या बसला होते. पण अर्धवट बदलून भागत नाही. हब, बोल्ट, नट, रिम, सगळं एका जोडीचं लागतं. ह्यांनी भंगारवाल्यांकडून पुढच्या चाकांचं सामान जमवलं. मागचे हब काही मिळेनात. ते शोधण्यातच त्यांचं छातीचं जुनं दुखणं वाढलं आणि ते गेले.

बस आनेकलच्या गॅरेजच्या आवारात उभी राहिली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, विकून टाकू या का?"

"आधी चाकं होऊ देत, भावजी," मी म्हटलं. का म्हटलं, ते मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी हातात घेतलेलं काम अर्धं ठेवून बस दुसऱ्याच्या दारी पाठवायचा धीर होईना, एवढं खरं.

गॅरेजचे मेस्त्री ह्यांचे जुने स्नेही. ते म्हणाले, "अक्का, देवनहळ्ळीला एक बस आहे. तिचे मागचे हब, रिमसकट, बसतील. तुमच्या यजमानांनी विचारलं होतं, पण तो माणूस देईना. आपण पुन्हा जाऊन बघू."

देवनहळ्ळीच्या पुढे सगळीकडे प्लॉटचे दगड रोवलेले. मधेच एक द्राक्षांची बाग उरली होती आणि तिच्या कडेला चिंचेखाली ती बस, आत द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या भरलेल्या. मालक वयस्कर होते. मी कन्नडमध्ये आमची ओळख सांगितली.

"ते स्वतः का नाही आले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते बसच्या पायरीवर बसले.

"मी त्यांना नाही म्हणालो होतो अम्मा. ही बस माझ्या मुलाची. तो दुबईला गेला. आल्यावर हीच बस रस्त्यावर काढणार म्हणायचा. तिचे हब काढून दिले तर तो काय चालवणार?"

"आणि आता?"

"आता त्यानं तिकडंच संसार थाटलाय." त्यांनी पायरीवरचा पाला हातानं झाडला. "तुमचे यजमान रागावले नाहीत. इथंच बसून ताक प्यायले. मी विचारलं, एवढ्या जुन्या बसचा हट्ट कशाला? तर म्हणाले, बायकोला एकदा ह्या बसनं माहेरी न्यायचंय. जन्मभर क्लीनरच्या सीटवर बसली बिचारी. एकदा खिडकीशी बसू दे, मागं एकही प्रवासी नको."

मला ते ह्यातलं अक्षरही बोलले नव्हते. माझं माहेर निपाणीजवळ. तिकडचं गिऱ्हाईक आम्हाला कधी लागलं नाही, त्यामुळे मी नेहमी सरकारी बसनंच गेले, एकटीच. त्या माणसासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी चिंचेकडे बघत राहिले.

"घेऊन जा," ते म्हणाले. मेस्त्रींनी जॅक लावला तेव्हा ते बागेत निघून गेले. निघताना आम्हाला दिसलेच नाहीत.

हब बसवताना मी गॅरेजात खुर्ची टाकून बसले. जुने हब निघाले, आणलेले हब ग्रीस भरून चढले, रिम कडेवर सरकून नेमका बसला. मेस्त्री समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळत होते. मध्येच थांबून म्हणाले, "ते असते तर पाना माझ्या हातातून काढून घेतला असता." आम्ही दोघंही हसलो, मग त्यांनी पाना पुढच्या नटाला लावला.

बस जवळपास फिरवून आणून नट पुन्हा आवळले आणि एका पहाटे आम्ही माझ्या माहेरी निघालो. भावजी स्टिअरिंगवर. मी मधल्या रांगेत खिडकीशी बसले. माणसं नसली की बस इतकी खडखडते हे मला ठाऊकच नव्हतं. तुमकूर गेलं, चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या आल्या. मी ही खिडकी, ती खिडकी करत राहिले. कुठल्याच जागी मन ठरेना.

"वहिनी, पुढं येऊन बसा. मागं धक्के लागतात," भावजींनी हाक मारली.

"असू द्या."

चालवताना ह्यांची डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली असायची. ती बाही दिसावी असं फार वाटत होतं. समोर भावजींचा शर्ट होता, नीट बटणं लावलेला.

बेळगाव मागं पडलं तेव्हा उन्हं कलली होती. गावात बस शिरली तशी माणसं दारात आली. माझी भावजय धावत आली, टायरवर हात ठेवून शेजारणीला सांगायला लागली, "आमच्या वन्संची बस हाय ही. बंगळुरासनं आणलीया."

शेजारणीनं आत डोकावून सगळ्या रिकाम्या सीटा पाहिल्या. "एवढ्या मोठ्या गाडीतनं एकट्याच आलासा व्हय?"

"हो," मी म्हटलं, आणि भावजींना आधी पाणी द्या असं भावजयीला सांगितलं.