ओढ्यातली बाकडी

आमच्या गावाला आमदार निधीतून चाळीस बाकडी मिळाली, तेव्हा गावात बसायला माणसं किती, हे कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. दसरा झाला की निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याकडं जातं. मागं उरतात म्हातारी माणसं, थोडी लेकरं आणि आमच्यासारखे तीन-चार एकरवाले, आणि त्यांना बसायला आपापले ओटे आहेत. पण विचारलं कुणीच नाही. वर गंमत अशी, की ही बाकडी मागणाऱ्या ठरावाखाली माझीच सही होती.

मी त्या वेळी ग्रामपंचायतीची सदस्य होते. जागा बाईसाठी राखीव सुटली म्हणून आमच्या मालकांनी माझा अर्ज भरला, आणि निवडून आल्यावर त्यांना कळलं की बायकोला चारचौघांत बोलता येतं. त्याचा त्यांना अजून थोडा त्रास आहे. पण बोलता येणं वेगळं आणि वाचून सही करणं वेगळं. आमच्याकडची रीत अशी, की सभा संपली, चहा झाला, की ग्रामसेवक वही पुढं सरकवतात. कोऱ्या पानाच्या तळाशी सगळ्यांनी सह्या करायच्या आणि मजकूर त्यांनी नंतर सवडीनं लिहायचा. जनावरांच्या धारा काढायच्या असतात, सगळ्यांनाच घाई. मीही केली सही. त्या सभेत मी घसा कोरडा होईस्तोवर एकच गोष्ट मागितली होती, आमची वस्ती आणि शाळा यांच्या मधल्या ओढ्यावर नळ्या टाकून एक छोटा पूल. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहीत मात्र 'ग्रामस्थांना बसण्यासाठी बाकडी' असं उतरलं. ते मला ट्रक दारात आला तेव्हा कळलं.

पुलासाठी माझा एवढा जीव का तुटत होता, तर माझ्या पुतणीसाठी. धाकटे दीर आणि जाऊ दरवर्षी ऊसतोडीला जातात. पोरगी सातवीपर्यंत थोडी इथं आणि थोडी उसाच्या फडात अशी वाढली. आठवीला मी हट्टानं तिला माझ्याजवळ ठेवून घेतलं. पण शाळा ओढ्यापलीकडं गावात. पावसाळ्यात ओढा वाहतो, आणि हिवाळ्यात वरच्या तलावातून शेतीला पाणी सुटलं की पुन्हा गुडघाभर पाणी. पोरं चड्ड्या वर खोचून जातात, मोठ्या पोरी कशा जाणार? पाणी आलं की त्या घरी. आठवीत तिचे एवढे दिवस बुडाले की उन्हाळ्यात तोडीवरून परत आलेली जाऊ माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आक्का, तुमी तिला लई जीव लावता, मला काय दिसत न्हाई का? पण घरीच बसणार आसंल तर इथं ठेवून उपेग काय? नववीला बी आसंच झालं तर दसऱ्याला संगं नेते. मोळ्या तरी बांधील."

मोळ्या बांधायला गेलेली पोरगी परत शाळेच्या बाकावर येत नाही. वर्ष-दोन वर्षांत तिचं लग्न लावतात आणि मग तीच नवऱ्याच्या जोडीनं कोयता धरते. हे जावेला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, कारण तिचंही असंच झालं होतं. म्हणून मला तिच्यावर रागावताही येईना.

आणि त्याच उन्हाळ्यात बाकडी आली. मांजरसुंब्याला ढाब्यावर निवांत जेवून आलेला ड्रायव्हर झाडाखाली झोपला आणि गावकऱ्यांनीच ती उतरवली. सिमेंटची, भक्कम, प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या अक्षरांत आमदारसाहेबांचं नाव. मारुतीपुढं सहा ठेवली, शाळेपुढं चार, स्मशानात दोन. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर एसटीचा थांबा आहे, तिथं तीन. एसटी येऊन जमाना झाला, पण थांबा आहे. साहेबांच्या कार्यकर्त्याच्या दारात चार गेली, त्यातल्या एकावर तो कडबा रचायचा. उरलेली वाटेल तिथं, बरीचशी भिंतींकडं तोंड करून. उन्हाळ्यात दुपारी त्यांच्यावर बसणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. ऊन उतरलं की मात्र माणसं जमायची आणि साहेबांच्याच नावाला पाठ टेकून साहेबांना शिव्या घालायची. कुणी म्हणायचं, शेजारच्या गावाला कमान दिली आणि दवाखान्याला दार नाही. कुणी म्हणायचं, यांना मुंबईत कोण सांगतं की आमचं बसायचं अडलंय? एक म्हातारबा तर रोज ठरलेल्या बाकड्यावर येऊन म्हणायचे, "घाला रं शिव्या, पोटभर घाला. काडीपेटीवर बी कर भरतो आपून. फुकट न्हाई बसलो इथं." शिव्या द्यायची एवढी चांगली सोय गावात पूर्वी नव्हती, हे मी मान्य करते.

मी ग्रामसेवकांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, सही तुमचीच आहे." मला इतका संताप आला, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच होता. त्या दिवसापासून वही पुढं आली की मी म्हणते, आधी लिहा, मग वाचा, मग सही. सगळ्यांचा चहा थंड होतो. होऊ दे.

पोळा झाला आणि पाऊस लागला. ओढा आला. पुतणी नववीत, सलग सहा दिवस घरी. सातव्या दिवशी पाऊस थांबला तरी पाणी उतरेना. मी दप्तर घेतलेल्या पोरीबरोबर काठावर उभी होते. जाऊ थोड्या अंतरावर उभी होती. समोर पाहिलं तर थांब्यापर्यंत पाणी चढलेलं. बाकड्यांचे पाय पाण्यात होते, पण बैठक कोरडी. एका बाकड्यावर कुणाची तरी शेळी चढून उभी होती आणि तिच्या खुरालाही ओल नव्हती.

मी जावेकडं पाहिलं, जावेनं माझ्याकडं. पहिल्यांदा तीच बोलली. "आक्का, आठ-धा लागतील."

दुसऱ्या दिवशी पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं आणि सकाळीच टोळी जमली. दसऱ्याला जाणारीच माणसं ती, दीर, जाऊ आणि त्यांच्या बरोबरीच्या जोड्या. उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसांना सिमेंटचं बाकडं उचलायचं काय अवघड? दोरानं बांधलं, बांबू घातला, चौघाचौघांनी खांद्यावर घेतलं आणि फडात गाडी भरताना देतात तशा आरोळ्या देत पाण्यात उतरले. तळाला सपाट दगड लावले आणि काठापासून काठापर्यंत नऊ बाकडी एकाला एक लावून बसवली. बैठकीवरून चालायचं, पाठीला धरायचं. साहेबांनी पूल दिला नव्हता, पण कठड्यासकट पाठवला होता, आम्हालाच जोडायला वेळ लागला. दुपारच्या आत पुतणी पलीकडं गेली. मधल्या बाकड्यावर थांबून तिनं मागं वळून पाहिलं आणि मला हसू आणि रडू एकदम आलं.

चौथ्या दिवशी कार्यकर्ता आला. पांढरे कपडे, पांढरे बूट, तोंड लाल. आम्ही सगळ्या अंगणात शेंगा तोडत होतो.

"वैनी, सरकारी मालमत्ता हाय ती! साहेबांच्या बाकड्यावर पाय देता? गुन्हा दाखल होतो."

"बसा भाऊ," मी म्हणाले. "तुमी आलात कसे?"

"कसा म्हंजे? चालत आलो."

"ओढ्याला पाणी हाय न्हवं?"

त्यानं खाली बुटांकडं पाहिलं. पांढरेफेक, कोरडे. पहिल्यांदा जाऊ हसली, मग सगळ्या, आणि शेवटी त्याला स्वतःलाही आवरेना. चहा पिता पिता म्हणाला, "पण साहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, पूल द्या. त्याच दिवशी बाकडी धुऊन जाग्यावर नेऊन ठेवतो."

पूल काही आला नाही. पंधरा दिवसांनी गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आमच्याच ओढ्याचा फोटो फिरला, वर साहेबांचा हसरा चेहरा आणि खाली 'शब्द दिला, शब्द पाळला'. मारुतीपुढं त्या संध्याकाळी जो हशा पिकला, त्यानं कुत्रीसुद्धा उठून बसली. राग होताच, आजही आहे. मोठा पूर आला की दोन-तीन बाकडी सरकतात आणि आम्ही पुन्हा दोर घेऊन उतरतो. तरी पाण्यातून कोरडं चालत जाताना मला दर वेळी बरं वाटतं.

दसरा आला. पुतणीचं काय, हे जावेनं तोंडातून काढलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. विचारलं तर नको ते उत्तर येईल, अशी मला धास्ती होती. निघायच्या दिवशी पोरीचा सहामाहीचा गणिताचा पेपर होता. जावेनं पहाटे तिची वेणी घातली, घट्ट, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. पोरगी आईच्या पाया पडली आणि ओढा ओलांडून गेली. ट्रक नऊला यायचा तो अकरा वाजता आला. भांडी, राहायच्या पालांची कापडं, कोंबड्या, सगळं चढलं. सगळ्यात शेवटी जाऊ चढली आणि गाठोडं मांडीवर घेऊन फळीला टेकून बसली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तेव्हा तिनं गाठोड्यात हात घालून पोरीचे दोन ड्रेस बाहेर काढले. ते तिनं भरले होते, हे मला माहीतही नव्हतं. वरून वाकून तिनं ते माझ्या हातात दिले.

"पेपर होता ते बरं झालं, आक्का," ती म्हणाली. "इथं समोर उभी आसती ना, तर नेलीच आसती मी तिला."