कपाटाच्या आतला रंग

देवानं जगात सात रंग केले असतील, पण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी त्यांतला एकही मान्य केला नव्हता. त्यांचा रंग एकच, क्रीम. भोपाळच्या बाग सेवनिया वस्तीतल्या त्यांच्या घरात भिंती क्रीम, दारं क्रीम, पडदे क्रीम. स्कूटरसुद्धा दोन महिने वाट पाहून क्रीमच आणली. एका दिवाळीला काकूंनी पिस्ता रंगाचे अभ्रे आणले, तर ते "डोळ्यांना टोचतात" म्हणून आमच्या घरी आले. अजून वापरतो आम्ही, सुरेख आहेत. दुसरा नियम भाषेचा. काका नोकरीसाठी नागपूरहून भोपाळला आले, पण "उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी" हा कायदा कधी मोडला नाही. लहानपणी मी त्यांच्याकडे "पानी" मागितलं, तर "पाणी" म्हणेपर्यंत मला तहानलेलीच बसवून ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी काकूंना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. झोपायच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडून त्या "हे माझं नव्हे" म्हणत आणि साड्या शोधायला स्वयंपाकघरात जात. डॉक्टरांनी सुचवलं, कपाट आतून त्यांच्या आवडीच्या रंगानं रंगवा, ओळख पटेल. काका शेडकार्ड घेऊन माझ्याकडे आले. "हिला कुठला रंग आवडतो गं?" बेचाळीस वर्षांचा संसार करून माणूस शेजारणीला विचारत होता! मला रागच आला, खरं सांगते. "काकूंनाच विचारा की," म्हटलं.

तर त्यांनी विचारलं. सोमवारी काकूंनी जांभळ्यावर बोट ठेवलं, पेंटरनं जांभळा लावला, गुरुवारी त्या म्हणाल्या, "हे कुणाचं कपाट?" मग पोपटी झाला, मग आकाशी. चौथ्या रंगाला पेंटर ब्रश धुऊन उठला. "बाऊजी, पहले माताजी से फाइनल करवा लो, फिर बुलाना." मग बहात्तर वर्षांच्या काकांनी जुनी बंडी चढवली, डोक्याला रुमाल बांधला आणि स्वतःच ब्रश धरला. थरावर थर चढून कपाटाचं दार लागेनासं झालं, तरी यांचं "आज कुठला लावू?" चालूच.

एका दुपारी मी काकूंसाठी धिरडी घेऊन गेले, तेव्हा काका कपाटात अर्धे शिरलेले होते, नाकाला रंग. काकू पलंगावरून उठल्या, शेडकार्डातला गुलाबी दाखवत हळूच म्हणाल्या, "भैया, ये वाला लगा दो. जल्दी. साहब के आने से पहले."

काकांचा ब्रश हवेतच राहिला. त्या घरात काकू काकांशी हिंदीत बोलत होत्या, पेंटर समजून. मग काका उंबऱ्याच्या आत, माझ्यादेखत, हिंदीत म्हणाले, "साहब बहुत डाँटते हैं क्या?"

"ना रे, डाँटते नहीं," काकू म्हणाल्या. "बस, पूछते नहीं."

"जी," म्हणून काकांनी गुलाबीचा डबा उघडला.

काम संपल्यावर त्यांनी हात घासून धुतले, इस्त्रीचा शर्ट आणि बूट घातले, ऑफिसची जुनी बॅग घेतली आणि मला खूण करून जिना उतरले. थोड्या वेळानं बेल वाजली. मी दार उघडलं. काका तडक आत आले आणि कपाटापाशी थबकले.

"अरे वा, गुलाबी! फार छान दिसतोय. तू निवडलास?"

काकूंनी लाजून मान हलवली आणि माझा हात घट्ट धरला. "बघ," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "मी उगाच घाबरत होते."

काका पलंगाच्या कडेला बसून, खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. बराच वेळ सोडत होते. नाकावरचा रंग धुवायचा राहूनच गेला होता.