संशयी नाना आणि काळी पेटी

जळगावात विजेवर काडीचाही विश्वास नसलेला एकच माणूस होता, आणि तो वीजघरातच नोकरीला होता. आमच्या शेजारचे हे नाना खुर्चीवर बसण्याआधी तिचे चारही पाय हलवून बघत, दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवत, आणि दोन घड्याळे जुळल्याशिवाय वेळ सांगत नसत. बायकोने "जेवायला चला" म्हटले तरी विचारत, "का?" साऱ्या जगात त्यांचा भरवसा एका रिलेवर. रिले म्हणजे काळ्या पेटीतली एक चकती. तारेतून ठरल्यापेक्षा जास्त वीज धावली की ती फिरते आणि स्विच पडून लाइन बंद होते. "हा माझ्यासारखा आहे," नाना म्हणत. "आधी तोडतो, मग चौकशी." चौकशी नाना करत. स्विच पडला की पूर्ण लाइन पायी बघून आल्याखेरीज ते तो परत लावत नसत. आणि तोवर कापसातली सरकी काढणारे आमचे जिन बंद.

मी त्या जिनात कारकून. लढाईचे दिवस, कापसाचा हंगाम, आणि जिनाचे मालक शेठजी तापलेले. "कारकूनभाऊ, वीज किती वेळा गेली ते मांडा. कागद घेऊन मी वीजघराच्या साहेबांकडे जातो. एक तर त्या चकतीत पाचर बसून ती फिरायची थांबेल, नाहीतर म्हातारा घरी बसेल."

मी मांडले : महिन्यात सतरा वेळा. पण ज्याच्याविरुद्ध आकडा, त्याला तो दाखवल्याशिवाय पुढे देणे मला बरे वाटेना. नानांनी कागद उजेडात धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "अठरा. सोमवारची एक विसरलात."

"नाना, तुमची नोकरी जाईल!"

"म्हणून आकडा चुकवायचा? अकरा वेळा कारण सापडलं. लिंबाची फांदी, पतंग, एकदा तर कुणी तारेवर ओलं धोतर फेकलं होतं. सात वेळा काही सापडलं नाही."

"म्हणजे तेव्हा रिले चुकला?"

"मी चुकलो, शोधायला."

कागद माझ्या खिशातच होता, तेव्हा एकोणिसावी वेळ आली. दुपारी जिनाच्या आवारात कापूस निवडणाऱ्या तेवीस बायका आणि मी. खांबावरची तार तुटली, ओल्या गोणपाटांवर पडली, एकच ठिणगी उडाली आणि सगळी यंत्रे थांबली. कुणी जागचे हलले नाही. अर्ध्या तासाने नाना लाइन बघत बघत, धापा टाकत आले.

एका म्हातारीने विचारले, "नाना, हाई तार मरेल शे का जित्ती शे?"

"मेलेलीच आहे, अक्का. तरी विश्वास ठेवू नको. लांब हो."

मी कागदावर सोमवारची विसरलेली आणि ही एकोणिसावी ओळ लिहिली, शेजारी कारणाचा नवा रकाना आखला आणि आवारात किती माणसे होती तेही मांडले. शेठजींनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि साहेबांकडे काही गेले नाहीत. नाना पुढे रीतसर निवृत्त झाले. गेल्या वर्षी वारले.

आता वीजघरात नवा, हसतमुख माणूस आहे. चार-चार महिने दिवे जात नाहीत. शेठजी खूश, गाव खूश. मला मात्र संध्याकाळी त्या कधीच न जाणाऱ्या दिव्याकडे बघून वाटत राहते, की जाऊन एकदा ती काळी पेटी उघडून बघावी.