कापलेली बाज

मंगळवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि डोकंच सणकलं. गेटबाहेर कडुनिंबाखाली ठेवलेल्या बाजेच्या सगळ्या पट्ट्या कोणीतरी मधोमध कापल्या होत्या. साखळीने झाडाला बांधलेला लोखंडी सांगाडा तेवढा उभा... आणि दोन्हीकडे लोंबणारे तुकडे.

आम्ही धंतोलीत राहतो. इथे पावलापावलावर हॉस्पिटल आहे आणि अख्ख्या विदर्भातून पेशंट येतात. पेशंटला आत बेड मिळतो, पण सोबत आलेल्या माणसाने बसायचं कुठे, हे कोणी ठरवलेलं नाही. ती माणसं आमच्या फूटपाथवर पुठ्ठा टाकून बसतात... नागपूरच्या मे महिन्यात.

बाज माझ्या सासूबाईंनी विणली होती. उमरेडला त्यांच्या घरी माग होता, अर्धं आयुष्य त्यांनी साड्या विणल्या. आम्ही इथे राहायला येण्याच्या आधी सासरे इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा आई याच फूटपाथवर बसून असायच्या. ते त्या विसरलेल्या नाहीत.

यंदा गच्चीवर पडलेली जुनी बाज त्यांनी खाली आणवली आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणली. तीही साधीसुधी नाही, लाल-पिवळी, कडेने चक्क साडीसारखा काठ. रस्त्यावरच्या बाजेला काठ कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "बसनाऱ्याले बी काही चांगलं दिसाले पाह्यजे नं."

आठवडाभर त्या बाजेवर काटोलची एक ताई बसत होती. नवरा आयसीयूमध्ये, हिला दिवसातून दोनदाच आत सोडायचे. मंगळवारी ती पुन्हा खाली फरशीवर बसलेली दिसली, पाय सुजून हे एवढे झालेले.

कोणी कापलं, हे शोधावंही लागलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आलाच होता... बाहेरच्या लोकांची गर्दी टाळण्यासाठी पट्ट्या काढायला लावल्या आहेत, सहकार्य करावे. सहकार्य म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तशीच गेले त्यांच्या दारात आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी अर्धं दार उघडून शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, इतकं इमोशनल नका होऊ. बिल्डिंगसमोर धर्मशाळा नको. संध्याकाळपर्यंत सांगाडा उचला, नाहीतर मी भंगारवाल्याला देतो."

हा त्यांचा शांतपणाच मला जास्त झोंबला. बाजारात जाऊन नव्या पट्ट्यांचं बंडल आणलं, कात्री घेतली आणि जुने तुकडे काढून फेकायला बसले. आईंनी माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

"काहून काढून राहिली वं ते? राहू दे. त्यालेच जोडतो आपण."

मागावर असंच करतात, हे मला तेव्हा कळलं. जुना ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, संपत आला तरी शेवटचे धागे मागावरच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडतात. विणकराचा माग कधी मोकळा करत नाहीत. कापणाऱ्याला वाटलं असेल की कापलं म्हणजे संपलं... पण आईंचं सगळं आयुष्य तुटलेलं जोडण्यातच गेलं आहे.

कापलेल्या दोन टोकांच्या मध्ये नवा तुकडा, दोन्हीकडे गाठ. भर दुपारी त्या फूटपाथवर बसल्या. शांत वगैरे मुळीच नव्हत्या बरं का. "मुडदा बशिवला त्याचा" असं पुटपुटत एकेक गाठ आवळत होत्या.

थोड्या वेळाने काटोलची ताई सरकत जवळ आली आणि पट्टी धरू लागली. मग कुहीचे एक काका आले, ते घरी स्वतःच बाज विणतात. मग आणखी कोणी कोणी... आतून निरोप यायची वाट बघत बसलेल्या माणसांच्या हाताला काम मिळालं. सकाळपासून गप्प असलेली माणसं गाठ कशी मारायची यावर भांडायला लागली.

संध्याकाळी सेक्रेटरी भंगारवाल्याला घेऊन खरंच आले. मी पदर खोचून उभीच राहिले. पण माझ्या आधी ताई बोलली... तिला काय माहीत हे कोण.

"भाऊ, हे टोक पकडा बरं जरा. जोरानं ताना."

आणि त्यांनी पकडलं. का पकडलं, देव जाणे. ताईने गाठ मारली आणि लगेच दुसरं टोक हातात दिलं. त्यांचा फोन वाजत होता, पण घेणार कोणत्या हाताने?

आईंना ते कोण हे पक्कं माहीत होतं. मान वर न करता म्हणाल्या, "ढिल्लं सोडून राहिले तुम्ही. नीट ताना." भंगारवाला थोडा वेळ थांबला आणि हसत निघून गेला.

शेवटची गाठ बसल्यावर सेक्रेटरी वर गेले. ना सॉरी, ना ग्रुपवर काही. ताई मात्र बाजेवर पाय वर घेऊन बसली आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. तिच्याकडे बघताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

बाज आता गाठीगाठींची झाली आहे. टोचते थोडी, आणि काठाचं तर पार वाटोळं झालंय. मी अजून सेक्रेटरींशी बोलत नाही, लिफ्टमध्ये दिसले की जिन्याने जाते.

काल आईंना विचारलं, तुमचा राग गेला का. म्हणाल्या, "काहून जाऊ देऊ? पलीकडच्या हॉस्पिटलसमोर बाज टाकाची बाकी हाये अजून."

मला ही बाई सासू म्हणून मिळाली, आणखी काय हवं... तुमच्या गच्चीवर जुनी लोखंडी बाज पडली असेल तर कळवा. साखळी आम्ही घेऊन येतो.